मधाची बाटली आणि हिरड्याचं झाड

पाचगणीहून आणलेला मध थंडीत गोठला आणि आमच्या घरात चांगलाच गहजब झाला. बाटलीच्या तळाशी पांढुरका, रवाळ थर बसला होता. सासूबाईंनी चमचा घालून पाहिला आणि निकाल देऊन टाकला, "साखरेचा पाक आहे गं हा! फसवलं तुला." ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढताच, "फिरायला आलेल्यांना अशाच टोप्या घालतात," असा शेरा मारला. मी बाटली मुकाट्याने मागच्या फळीवर सारली आणि ती विकणाऱ्या बाईला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

मध खरा होता. कमी पडलं ते माझं ज्ञान! पण ते कळायला मध्ये बरेच महिने गेले, आणि कळलं तेही भलत्याच वाटेने.

झालं असं, की माझी भाची परदेशातून आली आणि तिने माझ्या भेगाळलेल्या टाचांसाठी एक छोटीशी डबी आणली. शिया बटर. आता ते आपल्याकडच्या दुकानांतही मिळतं, किंमत मात्र विचारू नका. पिवळसर, घट्ट, हाताच्या उबेने वितळणारं. मी म्हटलं, "अगं, हे तर आपल्या कोकमतेलासारखंच." भाची हसली. पण नंतर वाचलं तेव्हा कळलं, मी अगदीच काही चुकले नव्हते. युरोपातल्या देशांनी २००० साली चॉकलेटमध्ये कोको-लोण्याबरोबर थोड्या प्रमाणात चालतील अशा सहा वनस्पतींच्या स्निग्ध पदार्थांची यादी केली. त्या यादीत आफ्रिकेचा शिया आहे आणि आपल्या कोकणचं कोकमही आहे. आपण टाचेला लावतो ते कोकमतेल तिकडे चॉकलेटात चालतं. कुठे सांगायला गेलं तर खरं वाटणार नाही!

हा शिया म्हणजे आफ्रिकेतला एक रानवृक्ष. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत कोरड्या गवताळ मुलुखाचा जो लांबच लांब पट्टा आहे, त्यात तो आपला आपण उगवतो. सहसा कुणी तो लावत नाही. फळ धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात, मग लावणार कोण? शेत साफ करताना बाकीची झुडपं काढायची आणि शिया तेवढा राखायचा, अशी तिथली जुनी रीत. खाली ज्वारी-बाजरी आणि मध्ये मध्ये ही झाडं. पहाटे उठून बायका पडलेली फळं वेचतात. गर खातात, बी उकडून वाळवतात, फोडतात, भाजतात, दळतात. मग तो काळा लगदा पाणी घालून हाताने घुसळ घुसळ घुसळायचा, की पांढरा लोण्यासारखा गोळा वर येतो. आपल्या ताकाच्या डेऱ्याचीच बहीण म्हणायची! हे सगळं काम बायकांचं आणि त्याचा पैसाही बराचसा बायकांच्या हातात राहतो. म्हणून तिकडे त्याला बायकांचं सोनं म्हणतात.

पण त्या सोन्यालाही कीड लागली आहे. शियाचं लाकूड टणक, त्याचा कोळसा उत्तम होतो. कोळशाचे पैसे आज मिळतात, बियांचे पावसाळ्यात. घरात पोर आजारी असलं, धान्य संपलं असलं, तर माणूस कशाला थांबेल? घानासारख्या देशांत आता गावोगावच्या समित्या आपापल्या रानाचे नियम ठरवतात. कुठलं झाड तोडायचं नाही, वणवा कधी लावायचा नाही, नवीन रोपं कशी राखायची. आणि बायका गट करून बी एकत्र विकतात, म्हणजे दलालापुढे एकटी उभी राहायची वेळ येत नाही.

आणखी एक गंमत सांगते. हा शिया आपल्या मोहाचा भाऊ आहे. चिकू, बकुळ, मोह आणि शिया ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातली. म्हणजे ज्या बकुळीचा गजरा वाळला तरी आपण वहीत जपून ठेवतो, तिचंच हे दूरचं माहेर.

हे वाचत असतानाच मनात आलं, आपल्याकडे असं झाड कुठलं? ज्याच्या जिवावर डोंगरातली बाई घर चालवते आणि म्हणून जे झाड उभं राहतं? मोह तर आहेच, पण तो विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे. आपल्या सह्याद्रीत कोण? उत्तर त्या मागच्या फळीवरच्या बाटलीत होतं.

वाईहून पसरणीचा घाट चढून आपण पाचगणीला येतो. खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, वर टेबललँडचं सपाट पठार आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच सिल्व्हर ओक. ही झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची, साहेबाने आणलेली. आपण फोटो काढतो, घोड्यावर बसतो, स्ट्रॉबेरी आणि जॅम घेतो आणि पुढे महाबळेश्वरला जातो. पाचगणी-महाबळेश्वर अंतर उणंपुरं वीस किलोमीटर, पण तेवढ्यात पाऊस केवढा बदलतो! महाबळेश्वरला जेवढा कोसळतो त्याच्या निम्म्याहूनही कमी पाचगणीला. म्हणून पश्चिमेकडे जावं तसं रान दाट होत जातं. त्या रानातली मंडळी म्हणजे जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी, पिसा आणि उतारावर कारवी. उंच नाहीत, वाऱ्याने वाकलेली, शेवाळलेली. फोटो काढावा अशी नाहीत. पण पाचगणीच्या बाजारात आपण जो मध घेतो, तो ह्या झाडांचा.

मध झाडांचा, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं. आपण म्हणतो मध माशीचा. पण माशी तरी तो आणणार कुठून?

आपल्याकडे पेटीत पाळतात ती सातेरी माशी. आग्या माशी उंच कड्यावर, मोठ्या झाडावर एकच उघडं पोळं करते, ती काही पाळीव होत नाही. सातेरी अंधारात राहणारी, झाडाच्या ढोलीत, कपारीत समांतर पोळी करणारी, म्हणून ती लाकडी पेटीत नांदते. आकाराने लहान, स्वभावाने बरी, पण फार लांब जात नाही. मकरंदासाठी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आतच तिची ये-जा. म्हणजे पेटी जिथे ठेवली तिच्या भोवती तेवढं एक वर्तुळ काढा. त्या वर्तुळात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जांभूळ, गेळा, हिरडा असे एकामागून एक फुलले, तर पेटी भरते. त्यातली चार मोठी झाडं कुणी तोडली, की तेवढा मध गेलाच. तो दुसरीकडून येत नाही. शिवाय नवी वसाहत पकडायची तीही रानातल्या जुन्या झाडाच्या ढोलीतूनच. झाड म्हातारं झाल्याशिवाय त्याला ढोली पडत नाही. तेव्हा पेटीवाल्याला तरुण झाडही लागतं आणि म्हातारंही.

सरकारने "झाडे लावा, झाडे जगवा" म्हणून भिंती रंगवल्या, त्याचा किती उपयोग झाला कोण जाणे! पण ज्याच्या परसात चार पेट्या आहेत, त्याला शेजारचा हिरडा तोडला तर राग येतो. हा राग फार कामाचा आहे.

महाबळेश्वर भागातलं मधमाशीपालन काही आजचं नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे तिथे ह्या कामाला सुरुवात झाली. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि मधपाळांची सहकारी संस्थाही तिथे आहे. त्याआधी मध काढायचा म्हणजे धूर करून माश्या हाकलायच्या, पोळं कापायचं आणि पिळायचं. त्या पिळण्यात अंडी, अळ्या सगळं चिरडलं जायचं आणि वसाहत संपायची. एका मधासाठी घरच मोडायचं! पेटी आली तेव्हा पोळं चौकटीत आलं. ती चौकट यंत्रात घालून गरगरा फिरवली, की मध बाहेर उडतो आणि रिकामं पोळं जसंच्या तसं परत माश्यांना मिळतं. मेणाचं घर बांधण्याची त्यांची मेहनत वाचते आणि पिलावळही सुखरूप राहते.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही हं. महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने माशीला बाहेर पडता येत नाही, फूल नाही, ऊन नाही. त्या दिवसांत साखरेचा पाक करून पेटीत ठेवावा लागतो, नाहीतर वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून सगळ्या माश्या उडून जातात. दमट हवेत मेणकिडा लागतो तो वेगळाच. दर आठवड्याला पेटी उघडून तळपाट झाडायचा, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. पेटी घराच्या मागे असते, तेव्हा हे काम घरच्या बाईच्या वाट्याला येतं हे सांगायला नको. आणि एवढं करून सातेरीची एक पेटी वर्षाला देते किती? पाच-सात किलो. साल चांगलं असलं तर दहा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्या धंद्यावर मोठं संकट आलं. दक्षिणेकडून एक विषाणू पसरत आला, थाई सॅकब्रूड नावाचा. पेटीतल्या अळ्या कोशात जाण्याऐवजी पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरायच्या. प्रौढ माश्यांना काही होत नसे, पण मागे येणारी पिढीच नाही. दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती बसल्या, आणि आपल्या सह्याद्रीतही पेट्या रिकाम्या झाल्या. त्यावर औषध नव्हतं, आजही नाही. ज्या वसाहती त्यातून तगल्या त्यांच्यापासूनच पुन्हा सुरुवात झाली. आणि ह्या तगलेल्या वसाहती पुष्कळशा कुठे होत्या? रानात, जुन्या झाडांच्या ढोल्यांत. रान शिल्लक होतं म्हणून बी-बियाणं शिल्लक राहिलं, असंच म्हणायचं.

महाबळेश्वर तालुक्यात मांघर म्हणून एक गाव आहे. मे २०२२ मध्ये राज्य सरकारने त्याला देशातलं पहिलं "मधाचं गाव" म्हणून जाहीर केलं. समारंभ झाला, मंत्री आले, वर्तमानपत्रांत फोटो आले. ते सगळं सोडा. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की जाहीर व्हायच्या आधीपासूनच त्या गावातली बहुतेक घरं, शंभरातली ऐंशीच्या आसपास, मध काढतच होती. सरकारने नाव दिलं, काम गावाचं होतं. खादी मंडळाच्या योजनेत पेट्यांची आणि यंत्राची निम्मी किंमत मंडळ देतं, निम्मी आपली. मांघरनंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात पाटगाव हेही मधाचं गाव झालं. तिथलंही रान असंच दाट.

पण सगळा भार मधावर टाकून भागणार नाही. पेटी दहा किलो देणार, त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून पुन्हा हिरड्याकडे येते.

हिरडा आपल्या ओळखीचा आहे, फक्त आपण त्याला झाड म्हणून ओळखत नाही. आपल्या आईने सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीत वेखंड, मुरुडशेंग, जायफळ ह्यांच्याबरोबर असायचा तो बाळहिरडा. काळा, सुरकुतलेला, मनुकेपेक्षा जरा मोठा. (आताचे डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकलेलं बरं.) मोठा हिरडा जातो त्रिफळा चूर्णात, बेहडा आणि आवळ्याबरोबर. आयुर्वेदाने तर त्याला आईची उपमा दिली आहे. इंग्रजांच्या काळात तो जहाजं भरभरून विलायतेला जायचा, औषधासाठी नव्हे, कातडी कमावायला. म्हणजे एकाच झाडाची फुलं माशीला, कोवळं फळ गुटीला, पिकलं फळ चूर्णाला. आणि तोडलं तर सरपण, एकदाच.

बाळहिरड्याचा खरा मोठा मुलूख पाचगणीच्या उत्तरेला, पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, भीमाशंकरच्या आजूबाजूला. महादेव कोळी समाजाची ही गावं. उन्हाळ्यात, शेतात काही काम नसतं तेव्हा, कोवळी फळं उतरवायची. झाडावर चढायचं काम बहुधा गड्यांचं, वेचायचं आणि वाळवायचं बायकांचं आणि पोरांचं. अंगणात, कातळावर पसरून काळी होईपर्यंत वाळवायची. पावसाळ्याआधी विकून बी-बियाणं, मीठ-मिरची, शाळेची वह्या-पुस्तकं घ्यायची. त्या घरांत हा पैसा म्हणजे वर्षाची बेगमी. पण भाव वर्षावर्षाला चढतो-उतरतो, आणि ज्या साली पडतो त्या साली ठेकेदार लाकडाचा भाव घेऊन दारात येतो. सह्याद्रीत पुष्कळ रान हे सरकारी नसून लोकांच्या मालकीचं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. मालकीच्या रानातलं झाड वाचवायचं तर मालकाला ते उभं परवडलं पाहिजे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून चढून ह्या भागावर आलं, तेव्हा हिरड्याची जुनी जुनी झाडं मुळापासून उपटली. आंब्या-नारळाच्या नुकसानीची भरपाई सरकारला समजते. पण न लावलेल्या, रानातल्या झाडाची भरपाई कुठल्या रकान्यात लिहायची? त्यासाठी पुढे काही वर्षं ह्या लोकांना मोर्चे काढावे लागले. कुटुंबाला पोसणारं झाड सरकारदरबारी पीक ठरत नाही, ही मला मोठी विचित्र गोष्ट वाटते.

ह्याच भागात पुण्याची एक संस्था, अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन, काम करते. ती १९९४ पासूनची आहे. तिने गावकऱ्यांबरोबर बसून हिरडा आणि बेहडा गोळा करण्याचे नियम ठरवले. फांदी तोडायची नाही. सगळं फळ उतरवायचं नाही, काही पाखरांना आणि रुजायला ठेवायचं. कुठल्या झाडाचं किती घेतलं ह्याची नोंद ठेवायची. अशा पद्धतीने गोळा केलेल्या मालाला फेअरवाइल्ड नावाचा आंतरराष्ट्रीय दाखला मिळतो. २०१५ च्या सुमारास ह्या हिरड्या-बेहड्याला तो मिळाला. मग परदेशातली आयुर्वेदिक चहा आणि चूर्णं करणारी मंडळी तो माल जरा चढ्या भावाने घेऊ लागली. आणि बेहड्याच्या बाबतीत एक लोभस गोष्ट आहे. बेहड्याची झाडं वाढून प्रचंड होतात, त्यांना मोठ्या ढोल्या पडतात आणि त्या ढोल्यांत धनेश पक्षी घरटं करतो. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फटीतून नर तिला महिनोन्महिने भरवतो. तेव्हा बेहड्याची फळं चार पैसे जास्त देऊन गेली, की एका धनेशाच्या बाळंतिणीची खोलीही शाबूत राहते.

तुम्ही म्हणाल, झाडं तर वनखात्याची, गावकरी नियम ठरवणारे कोण? पूर्वी हे बरोबर होतं. पण २००६ चा वनहक्क कायदा आला आणि रानातल्या फळ-फूल-मध-डिंक अशा वस्तू गोळा करून विकण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे छोटंसं गोंड गाव. देवाजी तोफा हे तिथले पुढारी. ह्या गावाला २००९ मध्ये आपल्या सुमारे अठराशे हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे गेले आणि बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचं पुस्तक त्यांनी गावाच्या हाती दिलं. त्या गावाची रीत अशी, की निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं. आपल्या सोसायटीच्या सभेत हे कसं जमेल, ह्याची मला नुसती कल्पना करूनच हसू आलं!

पाचगणीकडे मात्र वेगळा ताण आहे. तिथे ठेकेदार लाकडासाठी येतो त्यापेक्षा बंगला आणि हॉटेल ह्यांसाठी जास्त. जानेवारी २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बांधकामावर, झाडतोडीवर बंधनं आली. तरीही दरवेळी गेलं, की एखादी टेकडी उघडी पडलेली दिसतेच. दुसरीकडे स्ट्रॉबेरी. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे चांगलंच झालं. पण स्ट्रॉबेरीला औषध फवारावं लागतं आणि फुलोऱ्यात भर दुपारी फवारलं तर माश्या मरतात. गंमत अशी, की त्याच स्ट्रॉबेरीला माशी हवी असते. तुम्ही पाहिलं असेल, काही स्ट्रॉबेऱ्या वेड्यावाकड्या, एका बाजूला चेपलेल्या असतात. फळावर जे बारीक बारीक पिवळे दाणे दिसतात, त्या प्रत्येकाला परागकण मिळाला तर तिथला गर फुगतो. नाही मिळाला तर तिथे खळगा. माशी नीट फिरली, की फळ गोंडस. म्हणून शेताजवळ पेटी असेल तर ती मधवाल्याइतकीच स्ट्रॉबेरीवाल्याच्याही फायद्याची, आणि त्याने संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारायचं एवढं पथ्य पाळलं तर दोघांचं भागतं.

आता माझ्या गोठलेल्या बाटलीकडे येते, कारण ह्या सगळ्या गोष्टीत आपला, म्हणजे बाजारात पिशवी घेऊन उभ्या असणाऱ्या बाईचा, वाटा तिथे आहे.

मधात दोन मुख्य साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर रवाळ होतो, विशेषतः थंडीत. कुठल्या फुलाचा मध, त्यावर ते अवलंबून. तेव्हा गोठणं म्हणजे भेसळ नव्हे, आणि न गोठणं म्हणजे शुद्धपणाही नव्हे. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात अर्धा-पाऊण तास ठेवली, की मध पुन्हा पातळ होतो. गॅसवर मात्र ठेवू नका, त्याचा वास आणि गुण जातो. ओला चमचा घालू नका, पाणी शिरलं की मध आंबतो. फ्रीजमध्ये तर मुळीच नको, तिथे तो हटकून गोठतो.

आणि वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाहायचा, काडी पेटवून पाहायची, कुत्रा चाटतो का पाहायचं, हे सगळे घरगुती प्रयोग विसरून जा. त्यांतून काही सिद्ध होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने बाजारातल्या तेरा ब्रँडचा मध परदेशातल्या प्रयोगशाळेत तपासून घेतला, तेव्हा तेरापैकी दहा नापास झाले. मुद्दाम बनवलेले असे साखरेचे पाक निघाले आहेत, की नेहमीच्या तपासणीतूनही ते सुटतात. तिथे आपल्या वाटीतल्या पाण्याचं काय घेऊन बसलात! ह्या स्वस्त पाकामुळे खऱ्या मधाचा भाव पडतो आणि त्याचा फटका बसतो तो दहा किलोवर वर्ष काढणाऱ्या पेटीवाल्याला.

मग ओळखायचं कसं? मी आता विकणाऱ्याला विचारते, कुठल्या फुलाचा, कुठल्या महिन्यातला, कुठल्या गावचा. पेटीवाल्याला हे सांगता येतं. जांभळाचा मध गडद, किंचित तुरट, हिरड्याचा वेगळा. कारवी फुलली, की तिचा वेगळा, आणि ती तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सगळ्या बाटल्यांचा रंग आणि चव वर्षभर अगदी एकसारखी असेल तर मला उलट शंका येते. सहकारी संस्थेचा किंवा खादी मंडळाचा मध मिळाला तर तो घ्यावा. बादलीत पोळं घेऊन दारोदार येतात त्यांच्याकडून घेऊ नये. ते पोळं पिळलेलं असतं, नाहीतर नुसतं दाखवायला पाकात बुडवलेलं. आणि हो, एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध अजिबात चाटवू नका, मग तो कितीही शुद्ध असो. त्यात क्वचित असे जंतू असतात, की ते आपल्याला काही करत नाहीत पण तान्ह्याला त्यापासून गंभीर आजार होऊ शकतो. बारशाच्या दिवशी सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस असेल तर ती अंगठी नुसती ओठांजवळ नेऊन भागवा.

ती मागच्या फळीवरची बाटली मी काढली, कोमट पाण्यात ठेवली. तासाभराने सासूबाईंना चमचाभर दिला. त्यांनी चव घेतली, जिभेवर घोळवली आणि म्हणाल्या, "जरा तुरट लागतोय. कशाचा आहे गं हा?"

बाटलीवर काही लिहिलं नव्हतं, आणि घेताना मी विचारलंही नव्हतं. येत्या मे महिन्यात पाचगणीला जायचं ठरतंय, तेव्हा त्या बाईला शोधून विचारीन.